रिकाम्या गोलाची हकीकत

तीर्थरूप मामांना,

दोन्ही पाय धरून नमस्कार. (एरवी मी वाकून लगेच उभा राहतो. या वेळी पाय धरूनच ठेवले आहेत असं समजावं. कारण पुढे येईल.)

मी खुशाल आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? मागच्या दाराची बिजागरी बसवली, की अजून दार उचलूनच लावता?

तुमचं पत्र मिळालं. त्यात तीन गोष्टी होत्या. एक, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी तुमच्या फोटोच्या सोळा प्रती काढून पाठवायच्या. त्या सोबत आहेत. मोजल्यात तर दहा भरतील; मोजण्यात तुमची चूक नाही. दोन, मी मागे पाठवलेल्या फळांच्या अर्काचे दोन चमचे झोपताना घेतले की तुम्हाला सकाळपर्यंत जाग येत नाही, म्हणून आणखी दोन बाटल्या पाठवायच्या. आणि तीन, त्या बाटलीला लेबल का नव्हतं? "ज्या वस्तूवर ना नाव, ना तोंड, ती माणसाने कोणाच्या भरवशावर घ्यायची?" असं तुम्ही खाली रेघ ओढून विचारलंत. मी तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोन तिच्यातच अडकल्या आहेत.

मी फळप्रक्रियेच्या कारखान्यात आहे असं घरी सांगितलं होतं. ते खरं आहे. फळं येतात, धुतली जातात, ठेचली जातात. त्यानंतर ती चाळीस दिवस टाकीत राहतात, एवढं सांगायचं राहून गेलं. चाळीस दिवसांनी टाकीतून जे निघतं त्याला वाईन म्हणतात. (तुम्ही दारूबंदी समितीचे एकवीस वर्षं अध्यक्ष आहात, हे मला माहीत आहे. नोकरीला लागलो तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच सांगायचं राहून गेलं.) मी स्वतः एक थेंब घेत नाही. माझं काम कागदांचं आहे. नववीत शाळा सुटली तरी तुम्ही अक्षर घोटून घेतलंत, ते इथे उपयोगी पडतं. मालक मला "अचूकराव" म्हणतात आणि सगळे अर्ज माझ्याकडून लिहून घेतात.

आता नियम असा आहे की कुठलीही नवी वाईन विकण्याआधी तिची सरकारी कार्यालयात नोंदणी करावी लागते. नाव मंजूर व्हावं लागतं, नमुना तपासला जातो, आणि बाटलीवर जे लेबल लावायचं ते अर्जाच्या सहा प्रतींवर जसंच्या तसं डकवावं लागतं. एकदा मंजूर झालं की त्यात टिंबाचाही फरक चालत नाही. फरक हवा असेल तर नवा अर्ज, आणि नव्या अर्जाला तीन महिने. नोंदणी होईपर्यंत एक बाटलीसुद्धा दाराबाहेर जायची नाही. आमच्या गोदामात चौदाशे बाटल्या भरून उभ्या आहेत. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "अचूकराव, ही नोंदणी या महिन्यात करून आणलीस, तर तुला कायम करतो. नाही आणलीस, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, आणि तुला दुसरा मालक." कायम केल्याचं पत्र टंकलेखन करून त्यांच्या खणात पडलं आहे. (ते मीच केलं. फक्त सही बाकी आहे.)

मी कार्यालयात दार उघडण्याआधी पोचलो. नावं मंजूर करणाऱ्या बाई चष्म्यावरून बघतात. मालकांनी पसंतीची दोन नावं लिहून दिली होती. पहिलं होतं "नवसंजीवनी".

"औषध आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग संजीवनी कोणाला देताय?" असं म्हणून त्यांनी लाल शाईने रेघ मारली. आरोग्याचं आश्वासन देणारं नाव चालत नाही. दुसरं होतं "विजय". बाई म्हणाल्या, "पिऊन आजवर कोण जिंकलंय?" ताकद किंवा यश सुचवणारं नावही चालत नाही. तिसरं नाव माझ्याकडे नव्हतं. पावणेएक वाजले होते, एकला खिडकी बंद होते, आणि आता गेलेला नंबर पुन्हा पुढच्या गुरुवारी येतो. माझ्या पाठीमागच्या माणसाने एक पाय पुढे टाकला होता. घाम फुटला की मला तुमचीच आठवण येते. तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी असलेला एकच शब्द डोळ्यांपुढे उभा राहिला आणि तोंडातून निघून गेला.

"संयम."

बाईंनी चष्मा काढला. "वाईनचं नाव?"

"हो."

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि बोट फिरवत बसल्या. आरोग्य नाही, ताकद नाही, यश नाही, देवाधर्माचं काही नाही, लहान मुलांना भुलवणारं नाही. पुस्तक मिटून म्हणाल्या, "बसतंय बाई नियमात," आणि शिक्का मारला. (हा शब्द तुमचा आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही.)

तिथून अर्ज घेऊन शेजारच्या खिडकीवर गेलो. तिथल्या कारकुनाला सगळे "टाचणी" म्हणतात, कारण त्याने आजवर सर्वांत जास्त अर्ज टाचणी वाकडी लागली म्हणून परत केले आहेत. माझ्या टाचण्या सरळ होत्या. "मद्यपान आरोग्यास हानिकारक" ही सूचना लेबलावर छापावीच लागते, तिची अक्षरं मी पट्टीने मोजून आणली होती. त्याला काही सापडेना, तेव्हा त्याने लेबलाच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे एक लांबट गोल होता. त्यात फळांचं चित्र यायचं होतं, पण चित्रकाराच्या घरी पाहुणे आल्यामुळे ते आलं नव्हतं.

"गोल रिकामा आहे."

"चित्र उद्या मिळतंय."

"उद्याचं उद्या बघू. आज गोल रिकामा आहे. अपूर्ण लेबल घेत नाही."

मामा, परीक्षेला जाताना तुम्ही काय सांगायचात? उत्तर येत नसलं तरी जागा कोरी सोडायची नाही, काहीतरी लिहून ये. मला उत्तरं येत नसत, पण जागा मी कधी कोरी सोडली नाही. त्या दिवशी माझ्या खिशात एकच पाकीट होतं, फोटोवाल्याकडून आदल्या संध्याकाळी घेतलेलं. त्यात सोळा फोटो होते. मी पट्टी लावली. गोलाची उंची आणि फोटोची उंची एकच निघाली. (हा योग माझ्या हातातला नव्हता.) माझा विचार एवढाच होता की आज तात्पुरतं काहीतरी डकवून अर्ज आत घालावा आणि उद्या चित्र आलं की बदलावं. सहा प्रतींना सहा फोटो लागले. कडा कात्रीने गोल केल्या आणि तुम्ही शिकवलंय तशी खळ अगदी काठापर्यंत लावली, म्हणजे कोपरा उचलला जाऊ नये.

टाचणीने पहिला फोटो पाहिला आणि तो खुर्चीत सरळ बसला. समोरचा चहा त्याने बाजूला सरकवला. मग सहाही प्रतींवर गोल शिक्का मारला, अर्धा लेबलावर आणि अर्धा तुमच्या उजव्या गालावर. मी म्हटलं, उद्या बदलून देतो. तो म्हणाला, "आता कसलं बदलता? नोंद झाली." मी पहिल्या प्रतीचा कोपरा नखाने उचलून पाहिला. उचलला गेला नाही.

मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी लेबल उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"कोण हे?"

"माझे मामा."

"घेतात?"

"नाही."

"दिसतंच आहे." मग आणखी थोडा वेळ पाहून म्हणाले, "असू दे. बाकीच्यांच्या बाटल्यांवर घोडे नि राजवाडे असतात. ही बाटली कपाटात असली तर माणूस दुसरा पेला भरताना दोनदा विचार करील. पण घरातली बाई ती बाटली फेकायची नाही." मला यातलं व्यापाराचं गणित नीट कळलं नाही, पण ते हसत होते.

तर हकीकत ही अशी. बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जपावं. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. : नमुना तपासणीत पास झाला. नाव पास झालं. फक्त बाईंनी फायलीवर एक शेरा मारला आहे : लेबलावर माणसाचा चेहरा असेल तर त्या माणसाची लेखी संमती हवी, आणि तो माणूस हयात असल्याचा पुरावा हवा. हयात नसेल तर वारसांची संमती चालते. (मी लगेच सांगितलं की तुम्ही हयात आहात. त्या म्हणाल्या, फोटोवरून खात्री पटत नाही.) तुम्ही पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढणारच आहात, एक प्रत जास्त काढावी. संमतीपत्राचा मसुदा सोबत आहे, सही फुलीच्या जागी करावी. अठ्ठावीस तारखेच्या आत यायला हवं, नाहीतर फाईल बंद होईल. कृपा करून लाल शाई वापरू नये. त्या कार्यालयात लाल म्हणजे नामंजूर.

ता. क. २ : तुम्ही नाही म्हणालात तर मी रागावणार नाही. चौदाशे बाटल्या तीन महिने पडून राहतील, मी सामान घेऊन घरी येईन आणि बिजागरी बसवीन. समितीला काय सांगायचं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. बाईंचं म्हणणं असं की "हानिकारक"ची सूचना नियमाने वेगळी छापावी लागते म्हणून, नाहीतर या चेहऱ्याने भागलं असतं. हे समितीला सांगता येईल.

ता. क. ३ : ती बिनलेबलाची बाटली आमच्या पहिल्या टाकीतली होती. तेव्हा मला नियम माहीत नव्हता. "फळांचं आहे" एवढंच मी मामींना कळवलं होतं. मामींनी पहिल्याच चमच्याला ओळखलं. फोनवर म्हणाल्या, "तू गप्प बस. इतक्या वर्षांनी घर शांत झोपतंय."

ता. क. ४ : तुम्ही मागितलेल्या दोन बाटल्या बांधून ठेवल्या आहेत. पण नोंदणीशिवाय एकही बाटली दाराबाहेर जायची नाही हा नियम आहे, आणि आता तो मला माहीत आहे. संमतीपत्र आलं की त्याच दिवशी रवाना करतो. या वेळी भरवशाची अडचण येणार नाही. बाटलीवर नाव तुमच्या तोंडचं आहे आणि तोंडही तुमचंच.