निळा शर्ट, अर्धा तास

प्रिय गुंडी,

सोबतचं पुडकं एवढ्यात सोडू नकोस. आधी हे वाचून घे. फार मोठं लिहिण्याचं त्राण नाही, पण मी लिहायला बसले की आटोपतं घेता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. इस्त्रीच्या टेबलावर बसून लिहितेय, कागदाला वाफेने थोडी सुरकुती पडेल. आज तुझ्या आजीला जाऊन अठरा दिवस झाले. थकले गं. काम करून थकते तशी नाही. तसं थकलं की निदान झोप तरी लागते.

तुझा निरोप मिळाला होता. "मला वेळेवर सांगायला हवं होतंस." एक ओळ, खाली नावही नाही. वाईट वाटलं, आणि राग आला, आणि मग कळलं की रागावायला माझ्याकडे जागाच नाही. आता खरं ते ऐक. आजी मंगळवारी पहाटे गेली आणि आपल्या यहुदी रीतीप्रमाणे त्याच दुपारी तिला माती दिली. तू सात तासांवर. कळवलं मी संध्याकाळी, सगळं उरकून घरी आल्यावर. सगळ्यांना सांगितलं की घाईगडबडीत राहून गेलं. तसं नव्हतं. रविवारीच आजी म्हणाली होती, गुंडीला बोलावून घे. मी म्हटलं, उद्या. सोमवारी पुन्हा म्हणाली. मी तिची उशी नीट केली आणि म्हटलं, उद्या नक्की. तीन वर्षं तू फोन केला नाहीस तर पहिला फोन मी का करावा, हे माझ्या डोक्यात. आई मरायला टेकली आहे आणि मी मानापमान करत बसलेय! याला काय म्हणायचं ते तूच म्हण, मी निमूट ऐकून घेईन.

मग रीतीप्रमाणे सात दिवस सुतकात खाली बसले. आरशांवर चादरी टाकल्या, दिवा लावला, बुटकं स्टूल मांडलं. शर्टाच्या डाव्या बाजूला, काळजावर, फाडलेलं. शेजारच्या शिंपीकाकांना काय ठाऊक, ते बिचारे भेटायला आले आणि ती फाटलेली बाजू पाहून सुई-दोरा आणायला घरी पळाले. त्यांना समजावून सांगावं लागलं की काका, हे मुद्दाम फाडलंय, आणि आईबापांसाठी फाडलेलं पुन्हा कधीच नीट शिवायचं नसतं. ते बराच वेळ त्या चिरेकडे बघत होते. फार वाकडंतिकडं फाडलंय म्हणाले, मला सांगितलं असतं तर सरळ फाडून दिलं असतं. आठवड्यात तेवढंच एकदा हसले.

सात दिवस कपडे धुवायचे नाहीत आणि धुतलेले घालायचेही नाहीत. आतले कपडे बदलायला मुभा आहे, तोंड वाकडं करू नकोस. तेरा वर्षांची होते तेव्हापासून हे हात पाण्यात आहेत, गुंडी. धुलाईच्या दुकानाला कुलूप, हॉटेलचे टेबलक्लॉथ गाठोड्यात तसेच, आणि मी स्टुलावर हात मांडीत घेऊन. हात नुसते शिवशिवायचे. भेटायला आलेल्या बायकांच्या कॉलरी बघत बसायचे. अमकीने धुण्याची पावडर जास्त घातली, तमकीने निळीचा मारा केला. त्या आजीबद्दल चार चांगले शब्द बोलत होत्या आणि मी त्यांच्या बाह्यांवरचे डाग मोजत होते. असली मी.

आणि चौथ्या दिवशी सकाळी मी ते करून बसले. अजून कोणी आलं नव्हतं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर दारामागच्या खुंटीवर आजीचा राखाडी स्वेटर. शेवटच्या दिवसापर्यंत तिच्या अंगावर असलेला. बाहीवर चहाचा डाग. लोकरीवर डाग बसला की बसला, एवढंच डोक्यात आलं. मी काही ठरवलं नाही, शपथ. हात आपोआप चालले. कोमट पाणी, चमचाभर साबण, बुडवला, हलकेच दाबला. पाणी गढूळ झालं तेव्हा मी भानावर आले. आजीचा वास त्या पाण्यात होता. तिचं तेल, तिचं औषध, ती स्वतः. मी स्वेटर उचलून नाकाशी धरला तर नुसता साबण. असं कसं केलं मी, असं मोठ्याने ओरडले, घरात कोणी नव्हतं.

पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. पिळताना खिशात काहीतरी लिबलिबीत लागलं. आधी खिसे तपास, मग पाणी दाखव, हे आजीने मला शिकवलं, मी तुला शिकवलं. इतक्या वर्षांत लोकांच्या खिशांतून काय काय काढलं आपण. तिकिटं, चाव्या, आणि त्या मास्तरांची कवळी! तू ती बशीत ठेवून त्यांना परत दिली होतीस. एकदाही चूक झाली नाही, आणि झाली ती नेमकी आजीच्या खिशावर. आत कागद होता. चार घड्या घातलेला, वाचून वाचून मऊ झालेला असणार. उलगडला तर शाई सगळी पसरलेली. अक्षर मात्र मी ओळखलं. तुझा तो उलटा वळलेला 'ल' कोणीही ओळखेल.

तू आजीला पत्रं लिहायचीस हे मला ठाऊक नव्हतं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवून, ती ते माझ्यापासून लपवत होती आणि मी आपली तिला सांगायचे की पोरीला आपली आठवणसुद्धा नाही. ती स्वेटरच्या खिशात हात घालून बसायची. मला वाटायचं हाताला थंडी वाजते. कागदाच्या एका कोपऱ्यात एकच शब्द शाबूत राहिला होता. 'आईला'. पुढचं सगळं निळं पाणी. त्या दिवसापासून तो शब्द डोक्यातून जात नाही. आईला काय, गुंडी? आईला सांग? आईला सांगू नकोस? बारा वेळा उन्हात धरून पाहिला. काही दिसत नाही.

सिनेगॉगमधले म्हातारे काका संध्याकाळच्या प्रार्थनेला आले तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं, बसण्याच्या दिवसांत मी धुणं धुतलं म्हणून. पत्राचंही सांगितलं. मला वाटलं बोलतील. ते म्हणाले, हाताला सवय असते, पोरी. मग विचारलं, स्वेटर सावलीत वाळवलास ना? उन्हात लोकर आखडते. मी हो म्हटलं. तेही डोळे पुसत होते.

सातव्या दिवशी सकाळी स्टुलावरून उठले, सिनेगॉगच्या काकांबरोबर रीतीप्रमाणे गल्लीला एक फेरी मारली, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पण तीस दिवस पुरे होईपर्यंत नुकतं धुऊन इस्त्री केलेलं मी स्वतः घालायचं नाही. लोकांचं धुवायला हरकत नाही. म्हणजे बघ, सगळ्या गल्लीचे कपडे माझ्या हातून पांढरेशुभ्र होऊन जातात आणि मी कालच्याच शर्टात उभी. एकेकदा घालून ठेवलेले दोन शर्ट होते, ते आलटून पालटून वापरले. आता त्यांची कॉलर अशी झालीय की गिऱ्हाईक आलं की मी मान खाली घालते. माझा मळका गळा बघून आजीने काय म्हटलं असतं ते तुला वेगळं सांगायला नको.

यावर एक सोय आहे, आणि ती तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. दुसऱ्या कोणी तो कपडा थोडा वेळ अंगावर घालायचा. मग तो नवा धुतलेला राहत नाही, मग दुःखातल्या माणसाने घातला तरी चालतो. आजोबा गेले तेव्हा ते काम तुझं होतं. बारा वर्षांची होतीस, नातीला बसावं लागत नाही, आणि उंचीला आजीएवढी झालेली. आजीचा झगा घालून, कमरेवर हात ठेवून, तिच्यासारखी पाय ओढत तू घरभर फिरलीस, भांड्यांना नावं ठेवलीस, मलाही दोन शिव्या हासडल्यास. अर्धा तास झाला का गं, असं दर दोन मिनिटांनी विचारत होतीस. आजी नवऱ्याच्या दुःखात बसलेली, आणि ती तोंडावर हात दाबून अशी हसली की तिला ठसका लागला. मग तू झगा काढून तिच्या हातात दिलास. तो अजून गरम आहे, असं ती म्हणाली होती. ते मी विसरले नाही.

आणि तीन वर्षांपूर्वीचंही विसरले नाही. तू नोकरीच्या मुलाखतीला निघाली होतीस, मला न विचारता, माझा निळा शर्ट घालून. मी तो स्वतःसाठी इस्त्री करून टांगला होता. लहानपणापासून तू माझं सगळं माझ्याआधी घालायचीस, आणि मी नुसती कुरकुर करायचे. त्या दिवशी मात्र मी दारात तुला अडवलं. दोन गिऱ्हाइकं उभी होती, शिंपीकाका उभे होते. मी म्हटलं, आईचं दुकान नको, आईचं काम नको, मग आईचा शर्ट कशाला हवा? काढ तो, इथेच काढ. तू मागे कपड्यांच्या ढिगाआड जाऊन काढलास. गाठोड्यातला स्वतःचा चुरगळलेला घातलास आणि गेलीस. नोकरी मिळाली तुला त्या चुरगळलेल्या शर्टातच. शर्टाचं भांडण नव्हतंच ते. तू जाणार म्हणून माझा जीव खालीवर होत होता, दुकानात एकटी कशी राहू ते कळत नव्हतं, आणि ते धड सांगता आलं नाही म्हणून मी शर्टावर काढलं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

तो शर्ट त्यानंतर मी घातला नाही. परवा कपाटातून काढला. तिसाव्या दिवशी आजीकडे, तिच्या कबरीवर जायचं आहे, मळक्या कॉलरीने तिच्यापुढे उभं राहायचं नाही मला. स्वतःसाठी मी धुवायचा नाही, म्हणून आपल्या इस्त्रीवाल्या मावशींनी धुतला. पण आधी घालायचा कोणी? मावशी म्हणाल्या, आणा इकडे, मी घालते. त्या माझ्या दुप्पट. दोन्ही हात कसेबसे आत गेले, श्वास घेतला आणि तिसरी गुंडी उडून थेट साबणाच्या डब्यात. शिंपीकाका म्हणाले, मी घालू का, मी बारीक आहे. दुकानातल्या दुकानात हसून हसून पुरेवाट झाली. हसता हसता मी एकदम रडायला लागले. मावशींनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, अहो, हा शर्ट ज्या अंगाला बसतो ते अंग तुम्हाला ठाऊक आहे, आमची कसली परीक्षा घेता?

म्हणून हे पुडकं. आत तोच निळा शर्ट आहे. मावशींनी पुन्हा धुऊन इस्त्री केला, गुंडी मी लावली, दोरा जरा वेगळा दिसेल. अर्धा तास घाल. घरात फिर, भांड्यांना नावं ठेव, मला मनसोक्त शिव्या दे. मग पोस्टाने परत पाठवलास तरी माझं काम होईल, आणि मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. पण अजून बारा दिवस आहेत, गुंडी, आणि आजीच्या मातीला उभं राहणं तुझं मी हुकवलंय. तू तो अंगावर घालूनच आलीस तर आपण दोघी जाऊ तिच्याकडे. आणि 'आईला'च्या पुढे काय लिहिलं होतंस, तेही तोंडानेच सांग, वाईट असलं तरी. गाडी सकाळी सातला येते, मी दुकान उघडं ठेवेन. तशीच आत ये. या वेळी दारात कोणी तो काढायला लावणार नाही.

तुझीच,
आई