डोंगरावरची मोळी

रविवार, दिवेलागणीला

आज भाऊ, वहिनी अन् त्यांच्या पहिलीतल्या चिमीला घेऊन कपिलधारला गेलतो. पुढच्या आठवड्यात दोघं ऊसतोडीला कारखान्यावर जाणार, पोरगीही सोबत. म्हटलं, त्याआधी तिला डोंगर तरी दाखवावा. दुष्काळानं धबधब्याची बारीक धारच उरलीय, तरी चिमी तिच्याखाली लई नाचली.

वर चढल्यावर मी एका घोरपडीमागं भरकटलो. परत येऊन बघतो तर चिमी वाळल्या गवताची मोळी बांधत होती. गुडघ्यानं दाबून गाठ, मग मोळी डोक्यावर. हुबेहूब वहिनी.

"काय करायलीस गं?"

"उसाची गाडी भरायले, काका."

मी हसलो. वहिनी मात्र त्या मोळीकडंच बघत राहिली. उतरताना म्हणाली, "भावजी, औंदा हिला न्यायची न्हाई. शाळेत जाऊ द्या. पर तुमी घरी ऱ्हाणार का?"

भाऊ म्हणाला, "ह्यो अन् घरी? घोरपड दिसली की गेला ह्यो!"

खरंच बोलला. तरी मी "राहतो" म्हणालो. जमेल का मला? पण ती मोळी डोळ्यांपुढून हलत नाही.

चिमीनं लगेच विचारलं, "मग रोज डोंगर?"

"रोज शाळा. रविवारी डोंगर."