सहा अंडी, सहा फुल्या

२४ मार्च

हार्टमुट गेला एकदाचा! तीन आठवडे समुद्रकाठच्या आरोग्यधामात, पाठीसाठी. डॉक्टरनेच लिहून दिलंय. मागे फ्रिजवर चार पानांची यादी डकवून ठेवलीय. इझोल्डे — आमची, म्हणजे त्याची अजगरीण — आता कधीही अंडी घालेल. तिची पहिलीच खेप. शेवाळ ओलं हवं, चिंब नको. उबवणपेटी साडेएकतीस अंशांवर. घरात चपला काढून चालायचं.

निघताना माझ्या गालाला गाल लावला. तिच्या काचेपाशी मात्र दहा मिनिटं उभा होता.

२७ मार्च

हार्टमुटचा फोन. "तिला दचकवू नकोस, गुद्रून. आई होणार आहे ती." मी विचारलं, पाठ कशी आहे? "पेटीचा काटा पाहिलास का?"

३० मार्च

शेजारच्या एलरब्रोकबाई केक घेऊन आल्या. "नवरा हवा खायला, नि तुम्ही अजगराचं बाळंतपण काढताय! माझा असाच हवा खायला गेला होता तेव्हा मी आठवडाभर अंथरुणात मजेत लोळत होते." खूप हसलो. त्या गेल्यावर काच पुसली.

३ एप्रिल

घातली! सहा. पांढरी, चिवट सालीची. वर टॉवेल टाकून तिची वेटोळी सोडवली. यादीप्रमाणे प्रत्येक अंड्याच्या डोक्यावर पेन्सिलीने फुली काढली. अंडं जसं पडलं तसंच राहायला हवं. उलटलं तर आतला जीव बुडतो. हे त्याने लाल शाईने लिहिलंय. बॅटरी लावून पाहिलं — सहांतही लाल शिरा.

फोनवर त्याचा आवाज कापला. "मी तिथे असायला हवा होतो गं."

हे वाक्य मला नऊ वर्षांपूर्वी हवं होतं.

४ एप्रिल

लिहूनच टाकते. योहाना सातव्या महिन्यात मेलेली जन्मली तेव्हा हा सापांच्या बाजाराला गेला होता. निरोप मिळाला, तरी बाजार उरकून दुसऱ्या दिवशी आला. खाटेशी उभा राहून म्हणाला, "पहिल्या खेपेला वाया जातंच. निसर्ग आहे."

दवाखान्याने तिच्या पावलांचे ठसे कागदावर दिले. चौकट मीच करून आणली, शिवणयंत्राच्या वर मीच टांगली. त्याने कधी मान वर करून पाहिलं नाही.

८ एप्रिल

काटा साडेएकतीसवर.

१२ एप्रिल

दुपारी सहाही अंडी उलटी केली. जुन्या फुल्या खोडरबराने पुसल्या, आता वर आलेल्या बाजूला नव्या काढल्या. मग बटाटे उकडून चक्क्याशी खाल्ले. कित्येक दिवसांनी तोंडाला चव होती.

पाप आहे? असेल.

१३ एप्रिल

"कशी आहेत?"

"तू लिहिलंस तशीच ठेवलीत."

१६ एप्रिल

आला. कोटही न काढता पेटीपाशी. फुल्या पाहून माझा हात दाबला. "तुझ्यावर सोपवलं ते बरं केलं." लग्नानंतर पहिल्यांदा माझं कौतुक! गोड लागलं, मेलं.

२३ एप्रिल

शिरा दिसेनाशा झाल्या. तो बॅटरी धरून बसून असतो, जेवत नाही. मी रोज मुद्दाम विचारते, "काय म्हणतायत पिल्लं?" विचारायला मजा येते.

२८ एप्रिल

बुरशी धरली. हार्टमुटने स्वयंपाकघराच्या टेबलावर एकेक कापलं. सहांतही पिल्लू, करंगळीच्या पेराएवढं, काळ्या डोळ्यांचं. तो रडला — तोंड उघडं टाकून, हुंदके देत. म्हणजे याला रडता येतं तर! योहानाच्या वेळी एक थेंब नव्हता.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पहिल्या खेपेला वाया जातंच. निसर्ग आहे."

त्याने डोळे पुसले. सालं गोळा केली, धुतली, उलटसुलट करून दिव्याशी धरली. बराच वेळ.

मग शांतपणे म्हणाला, "गुद्रून, आपल्याकडे खोडरबर कुठे असतं?"

१ मे

सकाळी शिवणाला बसले. वर पाहिलं. योहानाची पावलं उलटी टांगलेली, बोटं खाली. चौकटीच्या वरच्या पट्टीवर पेन्सिलीची फुली.