आप्पांच्या जागी

३ जून
आजपासून मी आप्पा, नऊ वर्षं रेंगाळलेल्या मालिकेतला सासरा. आधीचा नट म्हणे एकाएकी नाहीसा झाला, म्हणून मला बोलावणं. तीस वर्षं हवालदार, मुनीम, वकील, नायिकेचा बाप करत आलो. आता रोज घरोघरी दिसणार. बायको हरखलीय. मुक्काम चित्रीकरणाच्या जागीच; खोली स्वच्छ, चहा गरम. दिग्दर्शकाला अभिनयातलं ओ की ठो कळत नाही आणि सूनबाईंना ग्लिसरिनशिवाय हसताही येत नाही, पण चालायचंच.

५ जून
आधीच्या आप्पांचे भाग पाहिले. काय तो ठोकळा! वाक्याआधी खाकरायचं, मान हलवायची, झाला अभिनय. रंगभूषेच्या बाईंना त्याची हुबेहूब नक्कल करून दाखवली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आप्पांच्या या खुर्चीत बसून त्यांची नक्कल नको. अडाणी बाई.

९ जून
माझा पहिला भाग लागला. बायकोनं फोनवर विचारलं, तुम्ही कुठे होतात, जुनेच आप्पा दिसले की. चुकून जुनं चित्रण लावलं असणार. एकेक नग भरलेत इथे.

१२ जून
जुनं चित्रण नव्हे. मॉनिटरवर स्वतः पाहिलं. सदरा माझा, संवाद माझे, चेहरा त्याचा. मी खाकरलो नव्हतो. तो खाकरला. दिग्दर्शक खूश, म्हणाला, आता कसे अगदी आपले आप्पा वाटता. गाढवाला फरकच कळला नाही.

१४ जून
आरशातही तोच. रंग पुसला. पुन्हा पुसला. गाल सोलवटले तरी— बाईंना विचारलं, मी कोण दिसतो? त्यांनी आरशावर कापड टाकलं.

१५ जून, दुपार
बायको न कळवता आली. माझ्यासमोरून पुढे निघाली. हाक मारली, तर घशातून त्याचा घोगरा आवाज. ती वळली, चेहरा पडला.
‘तुम्ही परत आलात? मग आमच्या ह्यांचं काम गेलं का हो?’
अगं, मीच— ती घाईनं निघून गेली.

थोड्या वेळानं
खिडकीतून दिसली. फाटकाकडे चाललीय. बरोबर एक माणूस, तिची पिशवी त्याच्या हातात. माझी चाल. माझा चष्मा. ती हसतेय. त्यानं वर पाहिलं, माझ्याच तोंडानं हसला— मी या लोकांना हसतो तसा—

खालून बोलावताहेत. आप्पा, चला. नाही जाणार. आधी तिला गाठायचंय. एवढंच सांगायचंय, की तू ज्याला घरी नेते आहेस तो—