मामीच्या हाताखालचं बटन

११ फेब्रु. ७४, सोम.
काल टेंभुर्णीला निघाल्तो, मामांच्या कुसुमला बाळंतपणाला माहेरी आणायला. धूळ आली म्हणून काचा वर घेतल्या, त्या खालीच येईनात. मामांनी हैदराबादहून आणलेली जुनी विलायती गाडी. काचेला फिरवायचा दांडा न्हाईच, बटन दाबायचं. चारी बटनं मेली. मामीला दमा. रस्त्यावर उतरून बसली, तोंडाला पदर. "ह्या पेटीत मी पुन्हा बसत न्हाई." एस.टी.त तर तिला त्याहून कोंडतं. परत आलो.
कुसुमच्या सासूचा निरोप पक्का : आई स्वतः आली तरच सून धाडू. हा सातवा सरत आला. आठव्यात पोरीला हलवत न्हाईत.

१२, मंगळ.
मामा : "तू ग्यारेजात होता ना? मंग बघ."
होतो, थोडे म्हैने. त्याआधी छापखाना. त्याआधी तंबूतला सिनेमा.
ड्रायव्हरचं दार उघडून बटनांची पट्टी खोलली. दाबलं. काच सर्र खाली! सर्र वर! मामांना हाक मारली. ते बसले, दार लावलं, दाबलं. ढिम्म.
"मला बघून लाजती का?"

१४, गुरु.
फ्यूज बराबर. बटनाचे पत्रे काचकागदानं घासले. चालल्या. मंग पुन्हा बंद.
तार आणायला मोंढ्याकडं गेल्तो. एकजण माकडाला सायकल शिकवून राह्यला होता. माकडापेक्षा तोच जास्त पडायचा. संध्याकाळ झाली, तार राहिली.
तिथंच वडीगोद्रीचा बाबू भेटला, ट्रक घेऊन सोमवारी टेंभुर्णीवरून खामगावला, मंग पुढं कुठं कुठं. "क्लीनर पाहिजे. येतो?"
येतो म्हणालो. लगेच.

१५, शुक्र.
मामी अंगणात तूर पाखडत होती. म्हणालो, काचा उघड्याच ठेवून जाऊ.
"आणि धूळ? ट्रक आला की वर पाहिजे, गेला की खाली. ते बटन माझ्या हाताखाली पाहिजे, तुझ्या न्हाई."
मंग सूप खाली ठेवलं. "एक सांगू का? तुझा एक पाय भायेर असला की काच चालती. दोन्ही पाय आत घेऊन दार लावलं की मरती."
हसलो. मंग हसू थांबलं.
ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीपाशी रबराची नळी. चारी काचांची वीज तीतूनच जाती. चिरली. लाल तार आतून तुटलेली. दार उघडलं की नळी सरळ, टोकं भिडतात. लावलं की दुमडती, सुटतात. आणि मी आपला चार दिवस दार उघडून तपासत बसलो!

१६, शनि.
तार आणली. सरळ गेलो, सरळ आलो. जरा लांबच टाकली, ताण पडू नये. कथलाचा डाग दिला, टेप गुंडाळली. दार लावलं. चालली.
मामी : "रस्त्यात सुटली तर?"
"मी हाय ना."
"तू हायेस का?"
बाबूच्या ट्रकवर जायला थैली भरून झाल्ती. तिनं बघितली असंल.

१८, सोम. टेंभुर्णी.
पोचलो, मामाबी मागं बसून संगं. मामी वाटभर बटन दाबत आली. ट्रक आला, वर. गेला, खाली. एकदा तर उगंच, बैलगाडीवाल्याला रामराम घालायला.
गावाजवळ काच एकदा अर्ध्यात थांबली. माझं दार जरा हलवलं, चालली. डाग हलला असंल. कोणती तार, ते मलाच माहीत.
कुसुमची सासू दारात. "आलात व्हय! मला वाटलं नुसती गाडीच येती का काय!" लगेच कुसुमची ओटी भरायला घेतली. उद्या सकाळी तिला घेऊन निघायचं. मी न्हाई तर गाडी मामांनाच हाकावी लागंल, आणि त्यांचा हात अजून ह्या गाडीवर बसलेला न्हाई.
बाबू फाट्यावर ट्रक लावून अंगणात आला. "चल की, जल्दी. चहा होईस्तोवर थांबतो."
मामीनं ओट्यावरून सगळं ऐकलं. थांब म्हणाली न्हाई. एवढंच, "उद्याच्याला खिडकीशी कुसुम बसंल, बटन तिच्या हाताखाली. मी मधी."
थैली डिकीतच हाय. गाडीत बसून लिहून राह्यलो. दार उघडंय, एक पाय भायेर.