ठिपके बसत चाललेत

इंदूर,
११ मार्च १९९४

प्रिय यामिनीताई,

नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल. इकडे ऊन आत्ताच कडक झालंय, पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो. बाकी ठीक.

ह्यांची तब्येत चांगली आहे. मिल बंद झाल्यावर सहा महिन्यांत नजर गेली, तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. तुम्ही संस्थेतून ब्रेल शिकवायला येऊ लागलात आणि माणूस उठून बसला. मेंदूचा बघणारा भाग रिकामा बसत नाही, बोटांचं न् कानांचं काम उचलतो, असं तुम्ही समजावलंत. हे हसून म्हणाले, "म्हणजे तिथे बदली तरी मिळते! आम्हाला तर सीधा गेटबाहेर काढलं."

किती दिवसांनी हसले होते. तुमच्यासमोर.

तुमची चप्पल गल्लीच्या वळणावर वाजली की सांगायचे, "आज ताई थकल्यात." मी तापाने फणफणलेली, भिंत धरून चालत होते, तर म्हणाले, "चहा टाकतेस?"

दिवाळीनंतर हे घरी नसताना मी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं ना, ह्यांना आता शिकायचं नाही म्हणून? ते खोटं होतं. ह्यांना सांगितलं, तुमची भोपाळला बदली झाली.

तेव्हापासून हे तुमचे जुनेच कागद रोज चाचपतात. परवा म्हणाले, "शशी, ठिपके बसत चाललेत. काही अक्षरं लागतच नाहीत." शेजारच्या रामभाऊंनी पेपरात वाचलं, बँकेत टेलिफोन ऑपरेटरची जागा आहे, अंधांसाठी. मे महिन्यात परीक्षा, ब्रेल यायला हवं. "ताईंना भोपाळला पत्र घाल," हे म्हणाले. "पत्ता इथे पलासियाला, त्यांच्या संस्थेत मिळेल."

मी पोळ्या लाटत होते. तिथेच सगळं सांगून टाकलं.

ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "का?"

"तुम्ही तिची वाट बघायचात."

"मी वाचायची वाट बघायचो, शशी." मग म्हणाले, "आधी त्यांना लिही. मग माझ्याशी बोल."

दोन दिवस घरात शब्द नाही. आत्ता समोरच बसलेत. पेनचा आवाज त्यांना ऐकू येतो. माझा हात थांबला की मान वर करतात.

ताई, तुम्ही आलात की ह्यांचा चेहरा उजळेल, आणि मी पुन्हा जळेन. ते माझं मी बघेन. पण तुम्ही या.

तुमची अपराधी,
शशिकला