न दमणारी पोरगी

ती. ताईस,

वाकून नमस्कार. कंबर अजून वाकते, म्हणजे तब्येत ठीकच म्हणायची.

हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करतो. अंगातला सदरा मात्र चुरगळलेलाच. शेजारचा इस्त्रीवाला सारखी जपानी गाणी लावतो. शब्द कळत नाहीत, पण गाणाऱ्या पोरीचा आवाज फार गोड. परवा न राहवून म्हटलं, "अरे, ही श्वास कधी घेते? मरेल बिचारी!"

तो पोट धरून हसला. "काका, पोरगी कुठली? संगणकाचा आवाज आहे. तो दमत नाही."

आपण दमतो बुवा. लहानपणी गाताना तू ओळीच्या मध्येच दम खायचीस आणि मी "ताईची गाडी स्टेशनात थांबली" म्हणून चिडवायचो, ते आठवलं.

औषध घेतेस ना? भाऊजी सांगत होते, गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज घोगरा झाला म्हणून तू फोनवर यायला लाजतेस. अगं, न चुकणारा आवाज ऐकून ऐकून माझे कान विटलेत. रविवारी फोन करीन. बोलू नकोस हवं तर, नुसता कानाला धर. श्वास ऐकू आला की गाडी स्टेशनात आहे, एवढं मला कळेल.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
दमलेला धाकटा